छळ (शब्द)

छळ हे मराठी भाषेतील पुल्लिंगी नाम आहे. एखाद्या व्यक्तीला किंवा समूहाला हेतुपुरस्सर आणि बहुधा वारंवार शारीरिक अथवा मानसिक यातना देणे, असा त्याचा आजचा मुख्य अर्थ आहे. शरीरावर खूण न उमटवता मनाला होणारी इजा सांगताना मराठीत मानसिक छळ हा शब्दप्रयोग सर्वाधिक रूढ आहे. वृत्तपत्रे, पोलीस फिर्यादी, न्यायालयीन कामकाज आणि दैनंदिन बोलणे या सर्व ठिकाणी तो आढळतो. या शब्दाला भाषिक इतिहास आहे, तसेच कायदेशीर परिणामही आहेत. एखादे वर्तन ‘छळ’ ठरले की ‘घरातील कुरबुर’, यावर विवाहविच्छेद, संरक्षणाचा आदेश किंवा फौजदारी खटला अवलंबून असू शकतो.

## व्युत्पत्ती आणि अर्थबदल

‘छळ’ हा शब्द संस्कृत ‘छल’ या शब्दापासून आला आहे. दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ होणे ही मराठीतील नेहमीची प्रक्रिया आहे (फल – फळ, कमल – कमळ, काल – काळ). संस्कृतमध्ये मात्र ‘छल’ म्हणजे यातना नव्हे, तर कपट, फसवणूक किंवा बतावणी. न्यायदर्शनात ‘छल’ ही वादातील एक पारिभाषिक संज्ञा आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याचे म्हणणे खोडून काढणे, असा तिचा आशय असून न्यायसूत्रांत वाक्छल, सामान्यछल व उपचारछल असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘नवकंबल’ या शब्दाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. वक्त्याला ‘नवे कांबळे’ म्हणायचे असते आणि प्रतिपक्षी ‘नऊ कांबळी’ असा अर्थ घेऊन त्याला खोटा पाडतो.

हिंदीत ‘छल’ आजही फसवणुकीच्याच अर्थाने वापरतात. मराठीत जुना अर्थ ‘छळकपट’ या जोडशब्दात टिकून आहे, परंतु एकट्या ‘छळ’ शब्दाचा अर्थ यातनेकडे सरकला. पुराणकथांमध्ये देव, ऋषी किंवा दैव कपटरूप घेऊन माणसाची परीक्षा पाहतात व त्या परीक्षेत त्याला दुःख भोगावे लागते. अशा प्रसंगांत कपट आणि यातना हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हरिश्चंद्राच्या कथेतील विश्वामित्राच्या वर्तनाला मराठीत ‘छळ’ म्हटले जाते, ते याच संधिस्थानावरून. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) हा शब्द त्रास देणे, गांजणे या अर्थाने नोंदलेला आहे.

## साधित शब्द व वापराची क्षेत्रे

‘छळ’ शब्दापासून छळणे, छळवणूक, छळवाद, छळवादी, छळछावणी असे शब्द तयार झाले आहेत. त्यांच्या वापराची प्रमुख क्षेत्रे पुढीलप्रमाणे आहेत:

* धार्मिक व सामाजिक छळ – श्रद्धा, जात किंवा मतांमुळे होणारा जाच. ‘संतांचा छळ’, ‘सुधारकांचा छळ’ हे प्रयोग शालेय पुस्तकांमुळे सर्वपरिचित आहेत.
* राजकीय छळ – कैदी, विरोधक वा अल्पसंख्याक यांना सत्तेकडून होणारा त्रास. नाझी जर्मनीच्या बंदिवासाच्या तळांसाठी मराठीत ‘छळछावणी’ हा शब्द रूढ आहे.
* कौटुंबिक छळ – विवाहितेचा सासरी होणारा छळ हा वृत्तपत्रांतील सर्वाधिक वापर.
* लैंगिक छळ – विशेषतः कामाच्या ठिकाणचा. या अर्थाने ‘छळवणूक’ हा शब्दही चालतो.
* लटका अर्थ – ‘उगाच छळू नकोस’ यासारख्या वाक्यांत चिडवणे किंवा लाडिक तक्रार एवढाच अर्थ असतो.

## व्याकरण व अर्थच्छटा

मनाला झालेली इजा सांगणारे मराठी शब्द ढोबळमानाने दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात इजा करणारा कर्ता गृहीत असतो: छळ करणे, जाच करणे, गांजणे, पिडणे, टोमणे मारणे, घालूनपाडून बोलणे, पाण्यात पाहणे. दुसऱ्या गटात इजा ‘होते’. ती कोणी केली हे वाक्यात सांगावे लागत नाही: आघात होणे, धक्का बसणे, धसका घेणे, हाय खाणे, मनाला लागणे, खचणे.

‘मानसिक छळ’ आणि ‘मानसिक आघात’ हे समानार्थी नाहीत, ते यामुळेच. भूकंपाने, अपघाताने किंवा नापिकीने माणसाच्या मनावर आघात होतो; छळ होत नाही. दैव किंवा निसर्ग यांना ‘छळणारे’ म्हटले जाते तेव्हा त्यांच्यावर मानवी हेतूचा आरोप केलेला असतो. ‘छळ’ या शब्दात तीन गोष्टी अध्याहृत असतात: कोणीतरी करणारा आहे, तो जाणूनबुजून करतो आहे, आणि ते एकदाच घडलेले नाही. एकाच प्रसंगातील अपमानाला सहसा ‘अपमान’च म्हणतात. तो रोजचा झाला की ‘छळ’ होतो.

‘मानसिक’ हे विशेषण मुळात शब्दाच्या अर्थात नवी भर घालत नाही, कारण ‘छळ’मध्ये मनाचे दुःख आधीच अंतर्भूत आहे. मारहाणीपासून वेगळी, पुरावा न राहणारी इजा दाखवण्यासाठी ते जोडले जाते. ‘शारीरिक व मानसिक’ ही जोडी प्रामुख्याने कायद्याच्या भाषेतून सर्वसामान्य बोलण्यात आली.

## सासुरवास

कायद्याने या इजेची दखल घेण्याच्या बऱ्याच आधीपासून मराठीत तिच्यासाठी एक स्वतंत्र शब्द होता – सासुरवास. शब्दशः ‘सासरी राहणे’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द ‘सासरचा जाच’ या अर्थाने रूढ झाला. सासरी राहणे आणि जाच सोसणे यांत फरक करण्याची गरज भाषेला वाटली नाही, हे या अर्थबदलातून दिसते. जात्यावरील ओव्यांमध्ये सासुरवास हा एक मुख्य विषय आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत सासू, नणंद, दीर यांच्या बोलण्याने झालेल्या दुःखाचे तपशील विपुल आहेत.

गद्यात स्त्रीच्या घरातील स्थितीची परखड मांडणी वऱ्हाडातूनच झाली. बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांना लावले जाणारे दोष पुरुषांनाही कसे लागू पडतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले.

## वऱ्हाडातील वापर

अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडी बोलीत ‘छळ’ हा शब्द समजतो, परंतु घरगुती बोलण्यात ‘तरास’ (त्रास) आणि ‘जाच’ हे शब्द अधिक सहजपणे येतात. ‘मले लय तरास देते’, ‘बोलू बोलू जीव नकोसा करते’ अशी वाक्ये नेहमीची आहेत. वऱ्हाडीत ‘देते’, ‘करते’ ही रूपे पुरुषासाठीही वापरली जात असल्याने, त्रास देणारा नवरा आहे की सासू, हे केवळ क्रियापदावरून कळत नाही. ते संदर्भावरून समजून घ्यावे लागते.

अमरावतीतील राजापेठ किंवा गाडगेनगर, अकोल्यातील खदान अशा कोणत्याही शहरी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली जाते, तेव्हा बोलीतील कथन प्रमाण मराठीत लिहिले जाते. या रूपांतरात शब्दसंग्रह बदलतो. ‘तरास’चा ‘छळ’ होतो, ‘मायरून पैसे आन’ याचे ‘माहेरून पैसे आणण्यासाठी तगादा लावला’ असे होते, आणि रोजच्या वेगवेगळ्या प्रसंगांची जागा ‘वारंवार’ हा एक शब्द घेतो. हे केवळ वऱ्हाडापुरते मर्यादित नाही. अहिराणी, मालवणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. फिर्याद नोंदवल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवणे कायद्याने आवश्यक आहे. आपण सांगितलेला तपशील लेखी मजकुरात आला आहे की नाही, हे तपासण्याची ती महत्त्वाची संधी असते.

## ‘शारीरिक व मानसिक छळ’ हा साचा

मराठी वृत्तपत्रांत विवाहितेच्या तक्रारीच्या बातमीचा एक ठरलेला साचा आहे. सासरच्या मंडळींनी ‘संगनमत करून’ अमुक रकमेसाठी विवाहितेचा ‘शारीरिक व मानसिक छळ’ केला, अशा शब्दांत ती लिहिली जाते. फिर्यादींची भाषाही बहुतांशी अशीच असते.

या साच्याच्या मर्यादा न्यायालयांनी दाखवून दिल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मधील एका निकालात असे मत नोंदवले की, ‘मानसिक व शारीरिक छळ’ एवढे शब्द वापरल्याने गुन्ह्याचे घटक सिद्ध होत नाहीत. नेमकी कोणती कृत्ये केली, याचे वर्णन असायला हवे. त्यामुळे तक्रार कायदेशीर वाटावी म्हणून वापरलेला शब्दच, तपशिलाची जागा घेतल्यास, तक्रार कमकुवत करू शकतो. ‘जेवायला बसल्यावर ताट ओढून घेत’, ‘तीन महिने आईला फोन करू दिला नाही’ यांसारखी साधी वाक्ये साच्यातील वाक्यापेक्षा अधिक पुरावामूल्य असलेली ठरतात.

## कायद्यातील वापर

### फौजदारी कायदा

१९७० व १९८०च्या दशकांत हुंडाबळी व विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंविरुद्ध देशभर आंदोलने झाली. पुण्यात १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूनंतर नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन तयार केले व ते राज्यात ठिकठिकाणी दाखवले. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता केली. मृत विवाहितेने जवळच्या व्यक्तींना लिहिलेली पत्रे या खटल्यात पुरावा म्हणून तपासली गेली. मनाची अवस्था न्यायालयात कशी सिद्ध करायची, हा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे आला.

१९८३च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट झाले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला क्रूर वागणूक देणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा ठरला. कलमातील व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिला भाग स्त्रीला आत्महत्येस प्रवृत्त करू शकेल किंवा तिच्या जीविताला, अवयवाला अथवा आरोग्याला गंभीर इजा पोहोचवेल अशा हेतुपुरस्सर वर्तनाचा असून आरोग्यात मानसिक आरोग्याचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसरा भाग मालमत्तेच्या बेकायदेशीर मागणीसाठी केलेल्या त्रासाचा आहे. कायद्यात हे दोन्ही भाग ‘क्रूरता’ या संज्ञेखाली येत असले, तरी मराठी बातम्यांत दोन्हींसाठी ‘छळ’ हाच शब्द येतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मधील एका निकालात, प्रत्येक त्रास या कलमाखाली येत नाही, हे स्पष्ट केले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात अशा प्रकरणांत सरसकट अटक करू नये, असे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ८५ मध्ये हा गुन्हा व कलम ८६ मध्ये क्रूरतेची व्याख्या आहे.

### विवाहविषयक कायदा

मानसिक क्रूरतेवरील भारतातील पायाभूत निकालांपैकी एक मराठी कुटुंबातील वादातून आला. दास्ताने विरुद्ध दास्ताने (१९७५) या पुण्यातून सुरू झालेल्या प्रकरणात तक्रारदार पती होता. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात दोन तत्त्वे प्रस्थापित झाली. क्रूरता सिद्ध करण्यासाठी फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा लागत नाही. शक्यतांचा तौल पुरेसा असतो. दुसरे म्हणजे, न्यायालयाने आदर्श पती-पत्नीचा नव्हे, तर समोर असलेल्या विशिष्ट दोन व्यक्तींचा विचार करावा. पत्नीचे वर्तन क्रूरतेत मोडते, असे न्यायालयाने मानले. परंतु पतीने ते नंतरच्या सहवासातून क्षमापित केले आहे, या कारणावरून त्याची मागणी फेटाळली.

त्या वेळी हिंदू विवाह कायद्यानुसार क्रूरतेच्या कारणावरून केवळ न्यायिक विभक्तता मिळत असे. १९७६च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचेही कारण झाले. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. भगत (१९९४) या प्रकरणात, एकत्र राहणे अशक्य व्हावे इतके मानसिक दुःख देणारे वर्तन म्हणजे मानसिक क्रूरता, असे विवेचन केले. समर घोष (२००७) या प्रकरणात तिची परिपूर्ण व्याख्या शक्य नसल्याचे सांगून काही नमुन्यादाखल प्रसंग दिले. विवाहविषयक कायद्यात पती व पत्नी दोघेही ही तक्रार करू शकतात. फौजदारी कलम मात्र विवाहित स्त्रीपुरतेच आहे. दैनंदिन चर्चेत या दोन कायद्यांची गल्लत अनेकदा होते.

### कौटुंबिक हिंसाचार

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६पासून) याने शारीरिक, लैंगिक, आर्थिक आणि ‘शाब्दिक व भावनिक’ असे हिंसेचे प्रकार मानले. अपमान, उपहास, नावे ठेवणे, मूल किंवा मुलगा नसल्यावरून हिणवणे, जवळच्या व्यक्तीला इजा करण्याच्या वारंवार धमक्या देणे यांचा त्यात समावेश आहे. संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या घटना अहवालात चारित्र्यावर संशय, नोकरी करण्यास मज्जाव, घराबाहेर पडण्यास किंवा ठरावीक व्यक्तीला भेटण्यास बंदी अशा कृत्यांची यादी स्वतंत्रपणे दिलेली असते. ‘मानसिक छळ’ या एका शब्दात सामावलेल्या गोष्टी हा नमुना सुट्या करून विचारतो.

## घराबाहेरील छळ

१९९७च्या विशाखा निर्देशांनंतर आणि विशेषतः २०१३च्या कायद्यानंतर ‘कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ’ ही संज्ञा रूढ झाली. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे त्या कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात विद्यार्थ्याला मानसिक इजा करणाऱ्या किंवा लाज व भीती निर्माण करणाऱ्या कृत्यांचा समावेश असून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वरिष्ठाने हाताखालील कर्मचाऱ्याला दिलेल्या लैंगिक स्वरूपाच्या नसलेल्या त्रासासाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. मार्च २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हरिसाल येथील वन परिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठाकडून छळ झाल्याचा आरोप त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात होता. या घटनेनंतर ‘मानसिक छळ’ हा शब्द सासरच्या चौकटीबाहेर, कार्यालयीन सत्तासंबंधांच्या संदर्भात राज्यभर चर्चिला गेला.

## इंग्रजी शब्दांशी तुलना

इंग्रजीतील ‘ट्रॉमा’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ जखम असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो मनाच्या जखमेसाठीही वापरला जाऊ लागला. त्यापासून इंग्रजीत ‘ट्रॉमटाइझ’ हे क्रियापद तयार झाले. अपघात, युद्ध, आई-वडील किंवा एखादा चित्रपट यांपैकी कोणीही त्याचा कर्ता असू शकतो. हेतू असण्याची अट नसते. मराठीत असे एकपदी क्रियापद नाही. बोलणाऱ्याला ‘छळ केला’ (हेतू आहे) आणि ‘आघात झाला’ (हेतू सांगितलेला नाही) यांतून निवड करावी लागते. मराठीत ‘ट्रॉमा’ हा शब्दही दोन वेगळ्या अर्थांनी आला आहे. रुग्णालयाच्या फलकावरील ‘ट्रॉमा केअर युनिट’ अपघातातील शारीरिक जखमांसाठी असते. तरुणांच्या बोलण्यातील ‘ट्रॉमा’ मात्र मनाचा असतो.

‘गॅसलाइटिंग’ हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८च्या ‘गॅस लाइट’ नाटकावरून व त्यावरील १९४४च्या चित्रपटावरून आला. समोरच्याला त्याच्याच स्मृतीविषयी व समजुतीविषयी शंका वाटावी, असे पद्धतशीरपणे फसवणे हा त्याचा अर्थ आहे. मेरियम-वेबस्टर कोशाने २०२२ मध्ये त्याची ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवड केली. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. परंतु कपटाने यातना देणे ही कल्पना ‘छळ’ शब्दाच्या दोन्ही अर्थांना, जुन्या व नव्या, एकत्र जोडणारी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ पासून निकटच्या नात्यातील नियंत्रणकारी व जबरदस्तीचे वर्तन हा स्वतंत्र गुन्हा आहे.

## शब्दाच्या वापराविषयीचे आक्षेप

‘मानसिक छळ’ या शब्दप्रयोगावर परस्परविरुद्ध दिशांनी आक्षेप घेतले जातात. एक आक्षेप असा की, किरकोळ मतभेदांनाही हा शब्द लावला गेल्याने त्याची धार कमी होते. दुसरा आक्षेप असा की, ‘संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच’ या समजुतीमुळे खरा छळही किरकोळ ठरवला जातो आणि मारहाण झाल्याशिवाय तक्रार गांभीर्याने घेतली जात नाही. दोन्ही आक्षेपांचे मूळ एकच आहे: हा शब्द घडलेल्या गोष्टीचा निष्कर्ष सांगतो, गोष्ट सांगत नाही. टोमणा, अबोला, उपासमार, कोंडून ठेवणे, माहेर तोडणे यांसाठी मराठीत नेमके शब्द उपलब्ध आहेत. ते वापरले गेले, तर छळ झाला की नाही, हे ऐकणाऱ्याला ठरवता येते.

## हेही पहा

* सासुरवास
* कौटुंबिक हिंसाचार
* हुंडा
* भारतीय न्याय संहिता
* स्त्रीपुरुष तुलना
* वऱ्हाडी बोलीभाषा